विरोधात सव्वीस मतं

नोव्हेंबर २०२० मध्ये वेल्समधल्या रेक्सम नावाच्या शहरात एक मतदान झालं. तिथला फुटबॉल क्लब नऊ वर्षं त्याचे समर्थकच चालवत होते. वर्गणी काढून, सभासद करून, जमेल तसं. आता हॉलिवूडचे दोन नट म्हणत होते, क्लब आम्हाला द्या, आम्ही वीस लाख पौंड घालतो. द्यायचा का? बाजूने १,८०९ मतं पडली. विरोधात २६.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. रायन रेनॉल्ड्स, म्हणजे आपला डेडपूल, आणि रॉब मॅकेलहेनी यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लब ताब्यात घेतला. त्यावर 'वेलकम टू रेक्सम' ही डॉक्युमेंट्री मालिका निघाली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा पहिला सीझन आला. नावाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक डब्ल्यू आहे, तो उच्चारायचा नसतो. मी सहा महिने उच्चारला.

मालिका मी फोनवर पाहिली, पुण्यातल्या रूमवर, रोज रात्री एक भाग. झकास आहे. हसवते, रडवते, पुढचा भाग लावायला लावते. पण बघताना मला सारखे ते सव्वीस जण आठवायचे. फुकटात श्रीमंत होणाऱ्या क्लबला 'नको' म्हणणारी ही माणसं कोण असतील? मालिका त्यांच्या घरी जात नाही. ती पबमध्ये जाते, खेळाडूंच्या घरी जाते, मैदानाची निगा राखणाऱ्यांकडे जाते. सव्वीसांकडे जाण्याचं तिला कारणही नाही. कथेचा नायक 'हो' म्हणणाऱ्या बाजूला आहे.

हे मला एवढं का लागलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. आधी रेक्समला, मग जतला.

रेक्समचा क्लब १८६४ सालचा. त्यांचं रेसकोर्स ग्राउंड हे आजही आंतरराष्ट्रीय सामने होतात असं जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान. वेल्सने तिथे १८७७ मध्ये स्कॉटलंडशी सामना खेळला होता. शहर कोळशाच्या खाणींचं आणि पोलादाचं. बर्शमची खाण १९८६ मध्ये बंद झाली, ब्रिम्बोचा पोलाद कारखाना १९९० मध्ये. त्यानंतर शहराच्या नावाची म्हणून उरलेली गोष्ट म्हणजे क्लब.

त्या खाणींची एक गोष्ट मालिकेत येते आणि ती विसरता येत नाही. २२ सप्टेंबर १९३४, शनिवार. त्या दुपारी रेक्समचा ट्रॅनमिअर रोव्हर्सशी सामना होता. ग्रेसफर्डच्या खाणीतल्या कित्येकांनी दुपार मोकळी मिळावी म्हणून शुक्रवारी रात्रीची पाळी घेतली. नेहमीपेक्षा जास्त माणसं खाली होती. पहाटे स्फोट झाला. २६६ माणसं गेली. बहुतेकांचे मृतदेह आजही खालीच आहेत, खाणीचा तो भाग बंदच करून टाकला. म्हणजे या गावात 'मॅचसाठी जीव देतो' हे नुसतं बोलणं नाही. कुणाच्या तरी आज्याने ते खरंच केलंय, त्याच्या नकळत.

आता इंग्लंडची लीग कशी चालते ते दोन वाक्यांत. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच, त्याच थाटात खेळतो. इंग्लंडमध्ये शेवटचे खालच्या पायरीवर ढकलले जातात, आणि चार पायऱ्यांच्या खाली गेलं की तुम्ही मुख्य लीगच्या बाहेर. टीव्हीचे पैसे आटतात, चांगले खेळाडू निघून जातात, वर यायला वर्षानुवर्षं लागतात. रेक्सम १९२१ पासून लीगमध्ये होता. २००८ मध्ये बाहेर फेकला गेला. त्याआधी २००४ मध्येच क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला होता. तेव्हाच्या मालकी बाजूला क्लबपेक्षा मैदानाखालच्या जमिनीत रस होता. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०११ च्या ऑगस्टमध्ये वेळ आली की हंगाम सुरू करायचा तर लीगकडे हमीची रक्कम भरा, नाहीतर खेळू नका. समर्थकांनी एका दिवसात एक लाखाहून अधिक पौंड जमवले. कुणी लग्नासाठी साठवलेले पैसे आणून दिले, पोरांनी गल्ले फोडले, एकाने म्हणे घराची कागदपत्रंच पुढे केली. त्या वर्षाच्या अखेरीस समर्थकांच्या ट्रस्टने क्लब रीतसर ताब्यात घेतला.

आणि इथून ती नऊ वर्षं सुरू होतात, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात आणि मालिकेत काही मिनिटांत संपतात.

त्या नऊ वर्षांत काय झालं? पहिल्याच हंगामात ९८ गुण मिळवले आणि तरी दुसरे आले. वर जायचं राहिलं. २०१३ च्या मार्चमध्ये वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली, मे महिन्यात त्याच वेम्बलीवर बढतीचा अंतिम सामना न्यूपोर्टकडून हरले. मग वर्षामागून वर्षं तेच. मधेच आशा, मग पुन्हा हुकलेली बढती. पण या काळात ट्रस्टने आधीची देणी फेडली, आणि २०१६ मध्ये रेसकोर्सचा ९९ वर्षांचा भाडेकरार केला. मैदान तेव्हा एका विद्यापीठाच्या मालकीचं होतं.

भाडेकरार. आता याचा सीन कसा काढणार? चार माणसं टेबलाभोवती बसलीत, कुणीतरी चष्मा पुसतंय, कागदावर सही होते, चहा येतो. पार्श्वसंगीत कुठलंही लावा, प्रेक्षक फोन खाली ठेवणार. पण तो कागद नसता, देणी फिटलेली नसती, तर डेडपूलला विकत घ्यायला क्लब उरला असता का? ज्या क्लबमध्ये त्याने पैसे घातले तो स्वस्त होता, स्वच्छ होता आणि जिवंत होता. स्वस्त असणं नशिबाचा भाग. बाकी दोन गोष्टी शिफ्ट करून, दुकान सांभाळून, रविवारी बैठकीला येणाऱ्या माणसांनी केल्या होत्या.

उभारी कॅमेऱ्यात येते. टिकणं येत नाही. उभारीला तारीख असते. २२ एप्रिल २०२३, बोरहॅम वूडला ३-१ ने हरवलं, पंधरा वर्षांनी लीगमध्ये परत, लोक मैदानात धावले. त्याआधी १० एप्रिलला नॉट्स काउंटीविरुद्ध ३-२ असताना भरपाई वेळेत पेनल्टी, आणि निवृत्तीतून परत आलेल्या चाळीस वर्षांच्या बेन फॉस्टरने ती अडवली. असला प्रसंग लेखकाने लिहिला असता तर आपण म्हणालो असतो, जरा जास्तच होतंय. टिकण्याला अशी तारीख नसते. टिकणं म्हणजे मंगळवार.

गंमत म्हणजे या सगळ्याची सुरुवात एका अपयशाच्या डॉक्युमेंट्रीतून झाली. मॅकेलहेनीने लॉकडाऊनमध्ये 'संडरलंड टिल आय डाय' पाहिली. ती काढायला घेतली तेव्हा संडरलंड नुकताच प्रीमियर लीगमधून खाली आला होता. साहजिक कथा म्हणजे पडलेला क्लब परत कसा उठतो. पण क्लब त्याच हंगामात आणखी एक पायरी खाली गेला. कॅमेरा मात्र बंद झाला नाही. म्हणून ती मालिका मला रेक्समपेक्षा जास्त खरी वाटते, आणि परत लावून बघावीशी कमी वाटते. हे दोन्ही एकाच कारणामुळे.

'क्लबचा मालक कोण?' हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो कोल्हापुरात. मी तिथे कॉलेजला होतो. मंगळवार पेठेतल्या एका मित्राने मला शाहू स्टेडियमवर नेलं, पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ. जतकडच्या माणसाने एका जागी एवढी माणसं फक्त यल्लम्माच्या यात्रेत पाहिलेली असतात. गॅलरी गच्च, भिंतीवर पोरं, बाहेर गाड्यांच्या रांगा. मी टीव्हीवर युरोपातले सामने बघत मोठा झालेला, त्यामुळे शहाणपणाने विचारलं, "या टीमचा मालक कोण?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मालक? भावा, पेठ हाय न्हवं."

कोल्हापूरचा फुटबॉल तालमीतून आला. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार ही नावं आधी आखाड्यांची, कुस्तीची. नंतर त्याच पोरांनी बॉल हातात, म्हणजे पायात, घेतला. तालीम म्हणजे एक इमारत, एक हौद लाल मातीचा, आणि पेठेतलं प्रत्येक घर. गणपती तीच बसवते, कुणाच्या घरी कुणी गेलं तर तिरडीही तीच बांधते, आणि हंगाम आला की संघही तीच उतरवते. क्लब बंद करायचा तर कुणाला विचारणार? पेठेला राजीनामा देता येत नाही.

मी याचं गोडगोड चित्र काढणार नाही. पेठेतल्या ईर्षेपायी दगडफेक झालेली आहे, सामने थांबलेले आहेत. निवडणूक जवळ आली की बक्षिसाची रक्कम कशी वाढते हे तिथलं शेंबडं पोरगंही सांगेल. बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही पैसे देऊन आणले गेले आणि त्यावरून वाद झाले. आणि सगळ्यात खुपणारी गोष्ट: एवढी गर्दी, एवढी ईर्षा, एवढी वर्षं, तरी यातला एकही तालीम संघ आय-लीगपर्यंत गेला नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, पण त्याची वाट पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली. पेठ टिकवते. वर चढवणं तिला जमलेलं नाही.

उलट उदाहरणंही आपल्याकडेच आहेत. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. कंपनीने २०१० मध्ये संघ बंद केला. म्हणे लक्ष आता शाळकरी पोरांच्या फुटबॉलवर देऊ. चांगलंच आहे, पण देशाचा विजेता राहिलेला क्लब एका घोषणेत संपला आणि कुणी गल्ला फोडला नाही, कारण फोडायला जागाच नव्हती. तो कधी कुणाच्या पेठेचा नव्हताच. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आयएसएलसोबत जन्मला, २०१९ मध्ये गेला, आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. बालेवाडीला मॅच बघायला जाणारे माझे दोन मित्र आहेत. त्यांच्याकडे नारिंगी जर्सी आहेत, क्लब नाही. त्या जर्सी ते आता जिमला घालतात.

गोव्याचा डेंपो या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. तो कंपनीचाच, पण जमिनीत मुळं असलेला. २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं. २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवासोबत, देशाच्या फुटबॉलची नवी रचना मान्य नाही म्हणून. मग बरीच वर्षं गोव्याच्या लीगपुरतं खेळत राहिला. दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला. यावर डॉक्युमेंट्री करायची तर ती मधली वर्षं दाखवावी लागतील. म्हापशाच्या मैदानावर दुपारचं ऊन, बाकावर थोडी माणसं, आणि एकेकाळचा देशाचा विजेता संघ स्थानिक लीग खेळतोय. मी बघेन. तुम्ही बघाल का, ते तुम्ही ठरवा.

आता जत.

रेक्समच्या मालिकेत एक अख्खा भाग वेल्सची ओळख करून देण्यात जातो. ही कुठली भाषा, हा कुठला देश, इंग्लंडला लागून असूनही आम्ही इंग्लंड कसे नाही. क्लब वेल्सचा, खेळतो इंग्लंडच्या लीगमध्ये. अमेरिकन प्रेक्षकांना हे समजावताना मालकांची उडणारी तारांबळ बघून मी एकटाच मोठ्याने हसलो, कारण हे समजावण्याचं काम मी पुण्यात रोज करतो. आमचं गाव जतच्या पूर्व भागात, सीमेला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजार विजापूरला, कचेरी सांगलीला. रेल्वेच्या नकाशावर 'जत रोड' स्टेशन आहे, पण तिथे उतरलात तर जत गाठायला अजून बराच रोड बाकी असतो. १९४८ पर्यंत आमच्याकडे डफळ्यांचं संस्थान होतं. म्हणजे एके काळी आम्हीही कुणाच्या तरी मालकीचे होतो.

आणि पाणी नाही. जतबद्दल बाहेरच्याला एवढी एकच गोष्ट माहीत असते. दर उन्हाळ्यात कॅमेरा यायचा, भेगाळलेली जमीन टिपायचा. टँकर, घागरींची रांग, एखादी म्हातारी. मी शाळेत असताना एका फोटोग्राफरने आम्हाला रांगेतून बाजूला काढून भेगांवर उभं केलं होतं. आमचा नंबर गेला. फोटो कुठे छापून आला असेल तर आम्ही पाहिला नाही.

२०१२ मध्ये, ऐन दुष्काळात, सीमेवरच्या चाळीसेक गावांनी कर्नाटकात जायचा ठराव केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, बसवराज बोम्मईंनी, तो जुना ठराव वर काढला आणि जत एकदम देशाच्या टीव्हीवर आलं. चॅनेलच्या व्हॅन गावात. पुण्यात रूमवर प्रत्येक जण विचारायचा, "काय रे, तुम्ही कर्नाटकात चाललात म्हणे?" ऑफिसात एकाने गंभीरपणे विचारलं, "पण अस्मितेचं काय?" त्याच सुमारास कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी सीमेपलीकडून आमच्या भागात तिकोंडीच्या तलावाकडे आलं. मुंबईतही मग विस्तारित म्हैसाळ योजनेची एकाएकी घाई सुरू झाली. इतकी वर्षं जी फाइल चालत होती ती धावायला लागली.

मी आज्जीला फोन केला. तिला या गोंधळाचं काही नव्हतं. ती म्हणाली, "नीर कोट्टवरऽ देवरु." पाणी देईल तो देव. आणि विचारलं, दिवाळीचा फराळ संपला का.

रेक्समचं मतदान मला तेव्हा नीट कळलं. ती १,८०९ माणसं काही निष्ठा सोडलेली नव्हती. नऊ वर्षं क्लब डोक्यावर घेऊन चालल्यावर त्यांना ठाऊक होतं की आपण याला मरू देणार नाही, आणि हेही ठाऊक होतं की आपण याला वर नेऊ शकत नाही. वर्गणीतून देणी फिटतात, स्ट्रायकर येत नाही. मालक कोण यापेक्षा पाणी कधी येणार हा प्रश्न मोठा होता. आमच्या गावांनी ठराव केला तेव्हा तेच होतं. पुण्या-मुंबईत बसून ज्यांना तो विश्वासघात वाटला, त्यांना मी एवढंच म्हणेन की घागर घेऊन पहाटे साडेतीनला एकदा रांगेत उभे राहा, मग मत द्या.

म्हणजे मी तिथे असतो तर 'हो' म्हटलं असतं. त्यात मला शंका नाही. आणि निकालही 'हो'च्याच बाजूने लागला. २०२३, २०२४, २०२५, सलग तीन बढत्या. इंग्लंडच्या वरच्या पाच पायऱ्यांत हे याआधी कुणी केलेलं नव्हतं. पाचव्या पायरीवर सडणारा क्लब आता दुसऱ्या पायरीवर आहे, प्रीमियर लीगच्या दाराशी. सव्वीस जण चुकले असं म्हणायला काहीच अडचण नाही.

पण मला वाटत नाही की ते हे होणार नाही म्हणून 'नको' म्हणाले असतील. कदाचित त्यांना कळलं असेल की हे होईल, आणि झाल्यावर गोष्ट दुसऱ्याची होईल. इथून पुढे क्लबचा इतिहास सांगताना लोक २०२१ पासून सुरुवात करतील. तेही खरंच झालं. जगभरात रेक्समची जर्सी घालणाऱ्यांना विचारा, २०१६ मध्ये काय झालं? भाडेकरार हा शब्द कुणी उच्चारणार नाही. आणि जतचा विषय काढा, लोक २०२२ सांगतील. त्याआधी पाण्यासाठी तालुक्यात किती पदयात्रा निघाल्या, किती निवेदनं दिली गेली, किती जणांनी आयुष्य त्यात घातलं, ते त्या व्हॅन येण्याआधीचं होतं, म्हणून झालंच नाही.

आमच्या गावातही एक फुटबॉल संघ होता. हसू नका. कोल्हापूरला शिकायला गेलेला एक जण सुट्टीत बॉल घेऊन आला, तिथून सुरू झालं. पडीक रानात वेड्या बाभळी तोडून मैदान केलं. काटे इतके की बॉल दर आठवड्याला पंक्चर. सायकलवाल्याकडे नेला की तो म्हणायचा, "आरं, ह्यात ट्यूब आता माझीच जास्त हाय." चार हंगाम खेळलो. विजापूर रोडवरच्या गावांत जाऊन हरून आलो, दोनदा जिंकून आलो. संघ बंद कधी झाला ते सांगता येणार नाही. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी इचलकरंजीला यंत्रमागावर, मी पुण्याला, तिघं चाकणला. एक दिवस अकरा भरले नाहीत, मग सात, मग क्रिकेट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेवढा राहिला, गावाचं नाव आणि पुढे एफसी. तेवीस जण. वाढदिवस, निधनवार्ता, डाळिंबाचा भाव. कुणी ग्रुप सोडत नाही.

गेल्या वर्षी ग्रुपवर एक फोटो आला. त्याच रानात बारा-तेरा वर्षांची पोरं खेळतायत. गावात राहिलेल्या आमच्यातल्या तिघांनी मैदान परत साफ केलं होतं, संध्याकाळी पोरांना घेऊन उतरत होते. किती दिवस? विचारलं तर म्हणाले, दोन वर्षं होत आली. आम्हा वीस जणांना पत्ताच नव्हता. काही घडलंच नव्हतं, तर ग्रुपवर टाकणार काय?

फोटो फिरला. तालुक्यातल्या एका होतकरू पुढाऱ्याचा निरोप आला: सगळ्या पोरांना जर्सी देतो, बूट देतो, जाळ्या देतो. जर्सीवर पुढे माझा फोटो. ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. बाहेर राहणारे सगळे जोरात. कुणी म्हणालं, व्हिडिओ करू, ड्रोन आणू. मग कुणीतरी पोल टाकला.

मी 'हो' म्हटलं. पोरं अनवाणी खेळत होती आणि रान बाभळीचं होतं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. वीस 'हो', तीन 'नको'. कुणी कुठे बोट लावलंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतं. 'नको' म्हणणारे तिघं म्हणजे रोज संध्याकाळी मैदानावर असणारे तिघं.

कारण विचारलं, तर त्यांच्यातला सगळ्यात कमी बोलणारा जो आहे त्याने लिहिलं, "न्हाय म्हंजे न्हायच असं न्हाय. बूट पायजेतच. पर उद्या त्यो इलेक्शन हरला तर पोरास्नी काय सांगायचं?" यावर कुणी काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने चाकणवाल्याने अंगठा टाकला. तो अंगठा कशाला होता, ते मला अजून कळलेलं नाही.

जर्सी आल्या. निळ्या आहेत, पाठीवर नंबर, पुढे फोटो. ड्रोनही आला, सव्वा मिनिटाचा व्हिडिओ झाला, चांगला झालाय. त्यात वाटप आहे, हार आहेत, पोरं पळतायत. शूटिंगच्या आदल्या दिवशी त्याच तिघांनी चुन्याच्या रेघा मारल्या, दोरीने मापून. जाळ्या रात्री काढून घरी न्याव्या लागतात, नाहीतर शेळ्या खातात. ते कामही त्यांनी आपापसात वाटून घेतलंय, दोन-दोन दिवस. रविवारी कोण, यावर अजून भांडण चालू आहे.